मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या मुलीसाठी पहिली इलेक्ट्रिक गिटार, २२.२ इंच की २४ इंच?

माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिची उंची सुमारे सव्वाचार फूट आहे. ती उजव्या हाताने वाजवते, अकूस्टिक गिटारवर साधे कॉर्ड तिला येतात आणि इलेक्ट्रिक घेण्यास तिच्या शिक्षकांचीही संमती आहे.

दुकानात २५.५ इंच स्केलची (स्केल म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी) स्ट्रॅटोकास्टर घाटाची गिटार तिच्या मांडीवर ठेवून पाहिली, तेव्हा पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरील धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांपैकी पहिल्यावर) एफ कॉर्ड धरताना तिचा डावा हात पूर्ण ताणला जात होता, मनगट वाकत होते आणि करंगळी तिसऱ्या फ्रेटपर्यंत पोहोचतच नव्हती. लेस पॉल घाटाच्या गिटारचे वजन तिला पेलवले नाही.

त्यामुळे आता आयबानेझ मिक्रो (२२.२ इंच) आणि स्क्वायर सॉनिक मस्टँग (२४ इंच) हे दोनच पर्याय उरले आहेत. मिक्रो आज नक्कीच सोयीची वाटेल. परंतु स्केल आखूड असल्याने त्याच जाडीच्या तारा सैल पडतात आणि लहान मुलांनी जोर लावून दाबल्या की सूर चढतो, ही मला खरी काळजी आहे, कारण तिचा कान आत्ताच घडतो आहे. मस्टँग मात्र मोठेपणीही वापरता येईल.

हेडफोन लावता येईल अशा लहान ॲम्प्लिफायरसह २५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. सुस्थितीतील वापरलेली गिटारही चालेल.

एवढ्या उंचीच्या मुलांना २४ इंचाची गिटार पहिल्या फ्रेटपासून नीट हाताळता येते का, आणि मिक्रोला ०.०१० इंच जाडीपासून सुरू होणाऱ्या तारांचा संच लावल्यास कोवळ्या बोटांना फार त्रास न होता ती सुरात राहते का?