उपग्रह डेटा रिले सेवा: गिऱ्हाईक नक्की कशाचे पैसे देईल?

प्रश्न (पाषाणकर)

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची छोटी टीम आहे. दोघं आरएफवाले (रेडिओ यंत्रणा बघणारे), एक सॉफ्टवेअरवाला, आणि हिशेब-विक्री मी बघते. ५००-६०० किमी उंचीवरच्या छोट्या पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांना रिले सेवा, म्हणजे वरच्या दुसऱ्या उपग्रहामार्फत जमिनीशी संपर्क, द्यायचा विचार आहे. स्वतःचा उपग्रह सोडायचा नाही. भूस्थिर उपग्रहावरची एल-बँड (कमी वेगाचा रेडिओ पट्टा) क्षमता घाऊक घ्यायची, गिऱ्हाइकाच्या उपग्रहावर आपलं टर्मिनल बसवायचं आणि एमबीप्रमाणे पैसे घ्यायचे. 'चोवीस तास संपर्क' म्हटलं की सगळे माना डोलावतात, पण लेखी काही द्यायची वेळ आली की विषय तिथेच थांबतो. गुंतवणूकदाराच्या तक्त्यात महसुलाची ओळ कशावर उभी करू?

उत्तर (पासवाला)

ताई, बरीच वर्षं ग्राउंड स्टेशनवर काम केलंय, म्हणून आधी स्पर्धकाचा हिशेब मांडतो. तुमची स्पर्धा दुसऱ्या रिले कंपनीशी नाही, भाड्याने मिळणाऱ्या स्टेशनशी आहे. एक्स-बँडवर (जास्त वेगाचा रेडिओ पट्टा) १५० एमबीपीएसने आठ मिनिटांचा पास, म्हणजे उपग्रह स्टेशनला दिसण्याचा वेळ, मिळाला तर ९ जीबी उतरतात. तेच ९ जीबी एल-बँडच्या २०० केबीपीएसने उतरवायला १०० तास लागतील. 'एमबीप्रमाणे पैसे' ही ओळ आजच खोडा.

विकायचा तो आदेश, म्हणजे उपग्रहाला 'इथलं चित्र टिप' असं वेळेत सांगणं. समजा पंचगंगेला पूर आलाय आणि कोल्हापूरचं रडार चित्र हवंय. चित्र टिपताना उपग्रह भारतावरच असतो, हैदराबादजवळच्या शादनगरच्या स्टेशनला दिसत असतो. उतरवायला रिले लागतच नाही. गाडं अडतं ते त्याच्या आधी. सन-सिंक्रोनस कक्षेतला (ध्रुवांजवळून फिरणारा, एकाच जागेवरून रोज ठरावीक स्थानिक वेळी जाणारा) उपग्रह आपल्याकडच्या स्टेशनला सकाळी एक-दोनदा आणि रात्री एक-दोनदा दिसतो. मागणी दुपारी आली, तर आदेश चढवायला रात्रीचा पास उजाडतो, आणि तेव्हा तर कोल्हापूर खालून सरकत असतं. आखणीला वेळच नाही, चित्र गेलं दुसऱ्या सकाळवर. रिलेवरून दुपारीच आदेश गेला तर चित्र त्याच रात्री हातात येतं.

पण तुमचं गिऱ्हाईक लगेच विचारेल, उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं स्टेशन भाड्याने घेतलं तर? ध्रुवाजवळून उपग्रह जवळपास प्रत्येक फेरीत, म्हणजे दर दीड तासाने दिसतो. तेव्हा तुम्ही बारा तास विकत नाही, दीड तास विकता. तो दीड तास ज्याला महाग पडतो तेच तुमचं गिऱ्हाईक: पूर, वणवे, समुद्रातली संशयास्पद जहाजं, संरक्षण. शेतीच्या पिकांचं नकाशाकाम करणाऱ्यांच्या मागे लागू नका, त्यांना उद्याचं चित्रही चालतं.

उत्तर (बस_सिस्टिम)

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलते, उपग्रह बांधणाऱ्या टीममध्ये आहे. आम्ही सही का करत नाही, त्याचं कारण दरात नाही. तुमचा अँटेना आकाशाकडे बघणार, म्हणजे वरच्या पॅनेलवर जागा हवी. तिथे आधीच स्टार ट्रॅकर (तारे बघून दिशा ओळखणारा कॅमेरा) आणि जीपीएस बसलेले असतात. शिवाय स्टेशन तिरकं १,५०० किमीवर असतं, भूस्थिर उपग्रह ३६,००० किमीवर. अंतर २४ पट, सिग्नल ५७६ पट क्षीण, म्हणजे जवळपास २८ डीबी (डेसिबल). त्याची भरपाई वीज आणि अँटेना यांतूनच होते, आणि आमच्याकडे एकेका वॉटवरून भांडणं होतात. त्यात डिझाइन उड्डाणाच्या खूप आधी गोठतं. आज 'हो' म्हटलं तरी तुमचं पहिलं मासिक बिल लांबच आहे, तेवढी रिकामी वर्षं तक्त्यात धरा.

एक गोष्ट मात्र मी स्वतः विकत घेईन. उपग्रह सेफ मोडमध्ये गेला (बिघाड जाणवून कामं थांबवून बसला) की पुढचा पास येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. तेव्हा दोन ओळींची टेलिमेट्री (उपग्रहाच्या तब्येतीचे आकडे) मिळाली तरी खूप. त्यासाठी मी ठरावीक वर्गणी देईन, वापर असो-नसो.

उत्तर (कक्षाभ्रमण)

इतिहास बघा. युरोपच्या ईडीआरएस या रिले यंत्रणेचा लेझर दुवा १.८ जीबीपीएसचा, तो टिकला कारण युरोपच्याच सेंटिनेल या पृथ्वी-निरीक्षण उपग्रहांचं हक्काचं सरकारी काम पहिल्यापासून होतं. मध्यम कक्षेतून रिले देऊ पाहणारी स्पेसलिंक कंपनी २०२२ मध्ये गुंतवणूकदार न मिळाल्याने गुंडाळली गेली. नासाने आपल्या टीडीआरएस या रिले उपग्रहांवर नव्या मोहिमा घेणं नोव्हेंबर २०२४ पासून थांबवलं आणि खासगी सेवांकडे वळली, म्हणजे मागणी खोटी नाही. तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ सिंगापूरची अॅडव्हॅल्यू कंपनी आहे. ती इन्मारसॅटच्या भूस्थिर उपग्रहांवरून हीच सेवा देते आणि अमेरिकेच्या कॅपेला कंपनीने आपल्या रडार उपग्रहांना आदेश पाठवायला ती वापरली. त्यांच्यापेक्षा तुमचं वेगळं काय, याचं उत्तर आधी लिहा. स्टारलिंकचंही बघून ठेवा: सप्टेंबर २०२४ मध्ये पोलारिस डॉन मोहिमेत ड्रॅगन यानाने स्टारलिंकच्या उपग्रहांशी लेझरने संपर्क साधला होता. आणि इन-स्पेसची (खासगी अंतराळ कामांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) परवानगी, फ्रिक्वेन्सीचा समन्वय यांचा वेळ व खर्च वेगळ्या ओळीत दाखवा.

पाषाणकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एमबीची ओळ काढली. आता प्रति उपग्रह मासिक वर्गणी आणि तातडीच्या आदेशाला वेगळा दर असं मांडतेय. बस_सिस्टिम ताई, एकच विचारते: टर्मिनल आम्ही फुकट दिलं आणि तुमच्या फ्लॅटसॅटवर (टेबलावर मांडून जोडलेली उपग्रहाची चाचणी-प्रत) आमच्या खर्चाने चाचणी केली, तर वरच्या पॅनेलवर किती सेंटिमीटर जागा मागितलेली चालेल?

बस_सिस्टिम

दहा बाय दहा. आणि विजेचा आकडा सरासरीचा नको, पीकचा (जास्तीत जास्त लागणारा) पाठवा.