लहान फ्रेमच्या सायकलीवर कुलूप आणि बाटली कुठे लावता? अनुभव लिहावेत

माझी उंची पाच फूट एक इंच असल्यामुळे सायकल ४४ सेंटीमीटरच्या फ्रेमची घ्यावी लागली. ती अंगाला नेमकी बसते. पण नळ्यांमधला त्रिकोण इतका आखूड आहे की त्यात कुलूप ठेवले तर बाटली निघत नाही आणि बाटली ठेवली तर कुलपाला जागा उरत नाही. मुलुंडहून पवईला कामावर जाताना मला दोन्ही लागतात. दुकानदाराने सीटच्या नळीवर यू-लॉकचा (इंग्रजी यू आकाराच्या जाड कुलपाचा) ब्रॅकेट बसवून दिला. घरी येऊन पाहते तो ७५० मिलिलिटरची बाटली ओढताच तिचे बूच आडव्या नळीला थडकते! आठवड्याभरात तिथला रंग बोटभर उडाला.

शेवटी बाजूने बाटली निघणारा होल्डर घेतला. होल्डरसाठी फ्रेमवर असलेली दोन भोके बहुतेक सायकलींवर ६४ मिलिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे ४ मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या पान्याने) तो घरीच बदलता आला. घाईत मात्र डावीकडे उघडणारा उचलला गेला, आणि मी तर उजव्या हाताने पाणी पिणारी. सहा महिने झाले. आता डाव्या हाताची सवय झाली आहे. बाटली ५०० मिलिलिटरची केली, पण कुलपाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आपण काय करता, ते सविस्तर लिहावे.

बोरिवली:
राष्ट्रीय उद्यानात पहाटे जाणाऱ्या आमच्या गटातील एकाने सुचवले म्हणून मी बाटलीचा होल्डर खालच्या तिरक्या नळीच्या पोटाला लावला. त्रिकोण मोकळा झाला, पण दोन गोष्टी आधी लक्षात आल्या नव्हत्या. लहान फ्रेममध्ये पुढचे चाक त्या नळीच्या फार जवळ असते, त्यामुळे होल्डर चार बोटे खाली सरकवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे लागले. दुसरे म्हणजे जूनमध्ये पहिल्याच पावसात चाकाने उडवलेला चिखल बाटलीच्या तोंडावर इतका बसला की ती तोंडाला लावण्याची सोय राहिली नाही. आता त्या जागी झाकणाच्या डब्यात पंक्चरचे सामान असते आणि पाणी वर, त्रिकोणात आले आहे.

दादर:
माझ्या सायकलीला आडवी नळीच नाही आणि होल्डरसाठी भोकेही नाहीत. पट्ट्याने बांधायचा कापडी होल्डर हँडलला लावला आहे. पाणी भरले की तो डोलतो, पण सिग्नलला हात सहज पोहोचतो. कुलूप पुढच्या टोपलीत ठेवते. त्याचा खडखडाट इतका व्हायचा की शेजारच्या काकू "आली गं" म्हणून दार उघडायच्या. जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापून कुलपावर चढवला, तेव्हा तो आवाज थांबला.

कुलाबा:
कुलूप सीटखालच्या पिशवीत ठेवा, असा सल्ला मिळेल. तो उंच माणसांसाठी आहे. आमची सीट खाली असते, म्हणजे सीट आणि मागचे टायर यांत जेमतेम वीतभर जागा. गतिरोधकावर पिशवी टायरला घासून तिचा तळ फाटला आणि माझे साखळीचे कुलूप रस्त्यावर पडले.

ठाणे:
माझी घडीची सायकल २० इंची चाकांची आहे आणि तिला त्रिकोणच नाही. बाटली हँडलच्या उभ्या दांड्याला अडकवतो आणि घडी घालण्यापूर्वी काढून घेतो. सायकल घडी करून कार्यालयातच नेतो, म्हणून कुलूप लागत नाही.

वरळी:
मूळ धागाकर्त्या ताईंना सुचवावेसे वाटते की, रोज त्याच जागी सायकल लावत असाल तर सव्वा किलोचे यू-लॉक रोज वाहून नेण्याचे कारण नाही. मी ते सुरक्षारक्षकांच्या परवानगीने कार्यालयाच्या सायकल-स्टँडलाच अडकवून ठेवते आणि वाटेत चहासाठी पाच मिनिटे उतरायचे असेल तर सीटच्या दांड्याला गुंडाळलेले बारीक केबल लॉक वापरते. केबल तार कापायच्या कातरीने सहज तुटते, म्हणून सायकल नजरेआड होऊ देत नाही. समुद्राजवळ उघड्यावर राहणाऱ्या कुलपाला खारी हवा लवकर धरते. किल्लीचे भोक खाली तोंड करून ठेवावे आणि पावसाळ्यात पंधरवड्याला तेलाचे दोन थेंब सोडावेत. मी गेल्या वर्षी हे केले नाही, तेव्हा किल्ली अर्धी आत तुटली आणि सायकल तीन दिवस स्टँडलाच राहिली.

मुलुंड (धागाकर्ती):
वरळीच्या ताई, आमच्या कार्यालयाच्या इमारतीच्या रक्षकांना आजच विचारले. "ठेवा, पण दुसरी किल्ली आमच्याकडे द्या," असे ते म्हणतात. द्यावी का?

वरळी:
देऊ नका. किल्लीऐवजी कुलपावर नाव आणि मजला लिहिलेली चिठ्ठी पारदर्शक टेपने चिकटवा. आमच्याकडे तेवढ्यावर भागले.