"अधीन राहून" म्हणजे धोका, हे ठेवीदारानं कसं ओळखावं?

पऱ्हाटीवाला: काल इथं कोणीतरी ठोकून दिलं, "ऑडिट रिपोर्ट वाचला असता तर पतसंस्थेत पैसा अडकला नसता, ठेवीदारच आळशी." राजेहो, मी वाचला होता! "परिशिष्टातील शेऱ्यांच्या अधीन राहून ताळेबंद सत्य व वाजवी चित्र दर्शवितो." वरून दारावर बोर्ड, ऑडिट वर्ग 'अ', म्हणजे सगळ्यात वरचा. कापसाच्या चुकाऱ्यातले दोन लाख ठेवले. आपल्याकडं कोणता सरकारी कागद कशाच्या तरी अधीन नसते?

लेजरबुवा: परिशिष्ट उघडलं होतं का? मी सीए आहे म्हणून सांगतो. "अधीन राहून" बोथट आहे म्हणूनच एसए 705 ला, म्हणजे ऑडिटरनं हरकतीचा शेरा कसा लिहायचा त्या मानकाला, ते चालत नाही. "अमुक बाब वगळता" लिहायचं, कारण आणि शक्य तिथं आकडाही द्यायचा.

पऱ्हाटीवाला: आता उघडलं. नफा 9 लाख, थकीत कर्ज बुडेल म्हणून नफ्यातून बाजूला काढायची रक्कम, म्हणजे तरतूद, 31 लाखांनी कमी. म्हणजे 22 लाख तोटा! मग सरळ तोटा म्हणा ना. "वगळता"नं काय होते? एक बैल मेला ही बाब वगळता जोडी धडधाकट आहे.

लेजरबुवा: "आता" उघडलं. बरं.

अकोटची सून: शब्दांचं सोडा, ऑडिटर निवडते कोण? आमसभा, मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीतून, म्हणजे तालिकेतून. अन् हात वर करतात अध्यक्षांचे सोयरे. सासऱ्यांनी सभेत दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ऑडिटरनं काढलेल्या चुका कशा सुधारल्या त्याचा कागद, मागितला, तर म्हणे "काकाजी, आधी आलूबोंडा घ्या." फी संस्थेचीच. ज्याची खावी पोळी...

लेजरबुवा: कसली पोळी! माझी दोन वर्षांची फी थकली आहे ताई. अफरातफर सापडली तर सहकार खात्याच्या निबंधकांची परवानगी काढून गुन्हा आम्हीच नोंदवायचा, वर गावात वैर. तुमचे सासरे तरी बोंडा खाऊन गप्प बसलेच ना?

अकोटची सून: सासऱ्यांवर जाऊ नका. सत्यम या आयटी कंपनीला तर ऑडिटरचा स्वच्छ शेरा होता, 2009 मध्ये मालकानंच हिशेब खोटे असल्याची कबुली दिली. तिथं कोणतं परिशिष्ट वाचायचं होतं?

लेजरबुवा: ते मान्य. तिथं आमच्या जातभाईंनी माती खाल्ली.

धुऱ्यावरचा: भांडा बाप्पा. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेला तोही नाही. बोर्डावर हे काऊन रंगवत नाहीत?

पऱ्हाटीवाला: परिशिष्ट तेव्हा नाही वाचलं, घ्या, झालं समाधान? पण 'अ' हातभर अन् 31 लाख मुंगीएवढे. सप्टेंबरात आमसभा आहे, उठून विचारतो. आलूबोंडा आधी खाऊन घेईन.