बोअरचं पाणी रंगाला चालणार नाही

सोसायटी मेन ग्रुप, मंगळवार

[७:१२] डी-५०१ काकू: रविवारच्या चेटीचंड (सिंधी नववर्ष) मेळ्याचं पत्रक आत्ता वाचलं. अजरक छपाईच्या (नैसर्गिक रंगांत लाकडी ठशांनी कापड छापतात ती) स्टॉलला पाणी "बोअरवरून पाईप टाकून" असं लिहिलंय. हे कुणाला विचारून ठरलं? आपल्या बोअरला लोह आहे, फरशीवर तांबूस डाग सगळ्यांकडेच पडतात. बोअरचं पाणी रंगाला चालणार नाही.

[७:१५] सेक्रेटरी: काकू नमस्कार 🙏 मीटिंगमध्ये ठरलंय. आपण त्या दिवशी नव्हता. टँकरला बजेट नाही.

[७:१६] बी-१०१ काका: स्टेज गेटजवळ का? आम्ही गाड्या कुठं लावायच्या? मागच्या वेळचा हिशोबही अजून ग्रुपवर आलेला नाही.

[७:१७] सेक्रेटरी: काका, हिशोब नोटीस बोर्डावर महिनाभर होता.

[७:१७] बी-१०१ काका: लिफ्टमागच्या बोर्डावर. तिथं कोण बघतंय?

[७:२०] सी-३०२ आंटी: साईं, भांडू नका. दाल पकवानचा (चणाडाळ आणि मैद्याची कडक पुरी) आकडा आजच नक्की करा. २५० माणसं धरली तर माणशी २ म्हणजे ५०० पकवान. ४० ग्रॅमचा गोळा धरून १४ किलो मैदा, किलोला सव्वाशे ग्रॅम तुपाचं मोहन, ओवा, जिरं. चणाडाळ माणशी ५० ग्रॅम, म्हणजे साडेबारा किलो.

[७:२१] बी-२०४: आंटी, त्यापेक्षा मिसळ ठेवा की. कोल्हापुरात मिसळ नाही म्हंजे काय!

[७:२२] सी-३०२ आंटी: मिसळ रोज खाताच की बाळा. पकवान एक दिवस आधी तळायचे, म्हणून तळणारी ४ माणसं शनिवारी दुपारी पाहिजेत. लाटल्यावर काट्यानं भरपूर टोचायचं, नाहीतर पुरीसारखे फुगतात. आच मंद. तेल कडक तापलं तर वरून लाल होतात, आत ओल राहते आणि सकाळपर्यंत वातड होतात. गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत.

[७:२६] डी-५०१ काकू: स्वयंपाकाचं छान चाललंय, पण माझ्या मेसेजला उत्तर नाही. बोअरचं पाणी रंगाला चालणार नाही.

[७:२८] ए-२०३ दादा: काकूंचं बरोबर आहे. २००१ च्या भूकंपानंतर कच्छात धमडका या अजरक कारागिरांच्या गावी पाण्यात लोह वाढलं आणि रंग बिघडायला लागले. म्हणून कारागिरांनी भुजजवळ अजरखपूर हे नवं गाव वसवलं. पाण्यापायी गाव हललंय, सेक्रेटरीसाहेब.

[७:३०] सेक्रेटरी: मग त्यांची काळी शाई तर लोखंडाचीच असते ना? तिथं कसं चालतं?

[७:३५] डी-५०१ काकू: चांगलं विचारलंत. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात, ते फिकट पिवळं होतं. मग ठशानं जिथं लोखंडाचं पाणी लागतं तिथंच काळं येतं. तुरटी लागते तिथं मंजिष्ठाच्या मुळांच्या गरम काढ्यात लाल चढतं. चुना आणि डिंकाचा ठसा बसतो तिथं पांढरं राहतं. आता धुवायच्या पाण्यातच लोह असलं तर हिरडा सगळ्या कापडावर काळवंडणार. लाल मळकट, पांढरं करडं. पन्नास जणांनी ठसे मारायचे आणि पन्नास पोतेरी घरी न्यायची!

[७:३७] डी-१०३: काळं आपणच करू की. उद्यमनगरातनं लोखंडाचा किस आणतो, गूळ तर घरचाच आहे.

[७:४०] डी-५०१ काकू: कल्पना चांगली आहे, पण पाच दिवसांत होत नाही. गंजकं लोखंड, गूळ आणि पाणी आंबायला उन्हाळ्यातही आठवडा तरी लागतो, थंडीत त्याच्या दुप्पट. वर फेस येऊन वास आंबट झाला की पाणी गाळायचं, चिंचोक्याचं पीठ घालून शिजवायचं, तेव्हा ठशाला धरतं. कच्चं वापरलं तर काळ्याऐवजी राखी येतं. कारागीर तयार काळं घेऊन येणार आहेत. तुमचं पातेलं बघायला ठेवा, लोकांना वासही घेऊ द्या. गूळ कोल्हापूरचा आहे अशी पाटी लावा.

[७:४१] बी-२०४: 🙏 नाद खुळा! गुळाचं कापड.

[७:४३] डी-१०३: मग काढा उकळायला आमच्या गुऱ्हाळाची काहील आणतो. दोनशे लिटरची, फुकट.

[७:४४] डी-५०१ काकू: काहील लोखंडाची आहे ना? नको. तांब्याचं नाहीतर स्टीलचं पातेलं पाहिजे.

[७:४४] डी-१०३: आम्ही काही आणायचंच न्हाई म्हणा की.

[७:४६] सी-३०२ आंटी: काहील मला द्या बाळा, पकवान तळायला. तेवढी मोठी कढई कुठं मिळतीय?

[७:४७] डी-१०३: आणतो आंटी.

[७:५०] ए-२०३ दादा: आता बॅनर. प्रूफ आलंय आणि चुकलंय. "असांजो ॻोठ" (आपलं गाव) यात ग खाली आडवी रेघ आहे, ती छपाईवाल्यानं डाग समजून पुसली. देवनागरीत सिंधी लिहिताना ॻ ॼ ॾ ॿ या चारही अक्षरांच्या रेघा लागतात, तो उच्चार श्वास आत ओढून करायचा असतो. अरबी लिपीतली ओळ तर त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये सुटी सुटी आणि उलटी पडलीय. मजकूर टाईप करून पाठवायचा नाही. अक्षरांचं चित्र करून पाठवतो, तेच छापू दे.

[७:५३] ए-२०३ दादा: दुसरं, पहिल्या फलकावर "१९४७ साली मोकळ्या माळावर गांधीनगर वसलं" असं कुणी लिहिलं? माळ मोकळा नव्हता. १९४३ ते १९४८ तिथं वळिवड्याचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियातनं सुटून इराणमार्गे आलेली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत राहिली.

[७:५५] बी-१०१ काका: सिंधी मेळ्यात पोलंड कशाला? उगाच फलक वाढवायचे.

[७:५७] ए-२०३ दादा: काका, घर सोडून आलेल्या दोन लोकांनी एकामागोमाग एकाच छपराखाली चूल मांडली. हे गांधीनगर रोडला नाही सांगायचं तर कुठं सांगायचं? पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ महावीर उद्यानात आहे, त्याचा फोटो मी काढून आणतो. फलक वाढत नाही, त्याच फलकावर चार ओळी.

[७:५८] बी-१०१ काका: बरं. चार म्हणजे चारच. आणि डीजे?

[७:५९] सी-३०२ आंटी: छेजला (आमचा गोलातला नाच) डीजे नको. ढोल आणि शरणाई (सनई). नाचणारे गोलात फिरतात, ढोलवाला त्यांचे पाय बघून लय वाढवतो. डीजे कुणाचे पाय बघणार? दहाच्या आत संपवायचं आहे, ते आत्ताच सांगते.

[८:०२] सी-१०४ ताई: बहराणा (झुलेलालच्या पूजेचा दिवा, कलश, फळं) पंचगंगेत सोडणार का? नदीची अवस्था सगळ्यांना माहीत आहे.

[८:०६] सी-३०२ आंटी: बेटा, नदीवर जायचंच, झुलेलाल पाण्याचा देव. पण कलशावरचं कापड, प्लॅस्टिक, हाराचा दोरा काठावरच काढून घ्यायचा. पाण्यात जाईल फक्त पिठाचा दिवा आणि थोडे अखे (तांदळाचे दाणे). फळं, खडीसाखर, वेलची प्रसाद म्हणून वाटायची. दिव्याची कणीक घट्ट मळा. सैल झाली तर तूप झिरपतं आणि पाच वाती वाटेतच विझतात.

[८:०७] सी-१०४ ताई: मग हरकत नाही. दोन पिशव्या घेऊन मी काठावर थांबते.

[८:१०] डी-५०१ काकू: बोअरचं पाणी रंगाला चालणार नाही.

[८:११] सेक्रेटरी: काकू, तिसऱ्यांदा झालं. पुरावा काय?

[८:३४] डी-५०१ काकू: फोटो टाकलाय. दोन काचेचे ग्लास, दोन्हीत अर्धा अर्धा चमचा हिरड्याची पूड. डावीकडे नळाचं पाणी, चहात दूध कमी पडल्यासारखं पिवळट. उजवीकडे बोअरचं. दहा मिनिटांत निळंकाळं झालं, तळ दिसत नाही. कुणीही घरी करून बघा.

[८:३६] बी-२०४: आईशप्पथ, शाईच झाली की.

[८:३७] बी-१०१ काका: हे पाणी आपण भांड्याला वापरतोय?

[८:३८] सेक्रेटरी: तो विषय वेगळा, सोमवारी बोलू. काकू, टँकर खरंच परवडत नाही हो.

[८:४२] डी-५०१ काकू: टँकर कुणी मागितलाय? रुमालाएवढे ६० तुकडे म्हणजे जेमतेम दोन किलो कापड. काढ्याला ४० लिटर, तीन धुण्यांना सव्वाशे, थोडं राखून २०० लिटर. सकाळी नळाला पाणी आलं की दोन पिंपं भरून ठेवा. आणि ठसे शनिवारीच मारून घ्या, रात्रभर वाळले पाहिजेत. ओल्या ठशाचं कापड काढ्यात टाकलं तर तुरटी पसरते आणि नक्षी फुटते. वळवाचं आभाळ आहे, दोऱ्या पार्किंगच्या छपराखाली बांधा.

[८:४४] बी-१०१ काका: म्हणजे शनिवारी रात्रीही माझी गाडी बाहेरच.

[८:४५] सेक्रेटरी: काका, आपली गाडी माझ्या जागेवर लावा. माझी मी रस्त्यावर ठेवतो. पिंपांचं वॉचमनला सांगतो. बोअरचा पाईप रद्द.

[८:४६] बी-१०१ काका: ठीक आहे. दोऱ्या बांधायला स्टूल माझ्याकडचं न्या.

[८:४७] डी-५०१ काकू: पिंपं प्लॅस्टिकची घ्या. गच्चीवरचं पत्र्याचं पिंप आतून गंजलंय.