मोका पॉटमधली कॉफी कडू का होतेय?

रेवा_नाशिक:
नमस्कार मंडळी, दीड महिन्यापूर्वी ३ कपांचा मोका पॉट (गॅसवर ठेवायचं कॉफीचं भांडं, खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढतं) घेतला आणि तेव्हापासून एकदाही मनासारखी कॉफी झाली नाहीये. घोट घेतला की जिभेच्या मागे असा कडवटपणा राहतो की दूध-साखर घातली तरी जात नाही. मी खाली गार पाणी भरते, चाळणीत पूड चमच्याने दाबून बसवते, गॅस मोठाच ठेवते कारण सकाळी डब्याची घाई, आणि फुरफुर पूर्ण थांबली की उतरवते. पूड किराणावाल्याकडची फिल्टर कॉफी. नवरा म्हणतोय एस्प्रेसो मशीन घेऊ, पण हेच जमत नाही तर मशीन घेऊन काय करू?

सह्याद्री७१:
ताई, आधी पूड दाबणं बंद करा. एस्प्रेसो मशीनमध्ये ९ बारचा दाब असतो म्हणून तिथे दाबतात, मोका पॉटमध्ये जेमतेम १-२ बार, मग पाणी अडतं आणि कॉफी करपल्यासारखी लागते. नुसती काठोकाठ भरायची, बोटाने सपाट करायची, बास. पाणी आधी उकळून खालच्या भांड्याच्या बाजूला असलेल्या व्हॉल्वच्या खालपर्यंत भरा (फडक्याने धरा, चटका बसतो), सगळ्यात छोटा बर्नर लावा आणि झाकण उघडं ठेवून तिथेच उभ्या राहा. आधी मधासारखी दाट काळपट धार येते, मग ती पिवळसर होत जाते, आणि फुरफुर सुरू झाली रे झाली की उतरवून बूड नळाखाली धरायचं. त्यापुढे येते ती वाफ आणि कडू पाणी, ते तुम्ही रोज कपात घेताय.

मंजिरी_क:
पाकिटावर चिकोरी किती टक्के लिहिलंय ते बघ गं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, ती कॉफी नाहीच. स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी सावकाश झिरपतं तिथे ती छान दाटपणा देते, आमच्याकडे आई रात्रीच डिकॉक्शन लावून ठेवायची, पण मोका पॉटला तिचा कडवटपणा वर येतो. चिकमगळूरची किंवा कूर्गची १०० टक्के अरेबिका (कॉफीच्या बियांची एक जात) घे, मध्यम भाजलेली, भाजल्याची तारीख असलेली, आणि बारीक मिठाएवढी दळून माग.

निखिल_डोंबिवली:
मशीनबद्दल मनापासून सांगतो, आधी ग्राइंडर. मी मशीन घेतलं आणि बिया चटणीच्या मिक्सरमध्ये दळायचो, अर्धं पीठ अर्धी भरड, शॉट (म्हणजे एका वेळची एस्प्रेसो) १० सेकंदात भसकन यायचा आणि आंबट लागायचा, वर्षभर मशीनलाच दोष देत होतो. बर ग्राइंडर (दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा) आल्यावर १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम कॉफी २५-३० सेकंदांत यायला लागली. लवकर येऊन आंबट लागली तर अजून बारीक दळायची, थेंब थेंब येऊन कडू लागली तर जाडसर. हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या, मोका पॉटलाही तोच चालेल. गरम पाण्याचं मात्र मला पटत नाही, मी गारच भरतो, आच मंद असली की झालं.

रेवा_नाशिक:
चिकोरी ४० टक्के निघाली!! आज तीच पूड न दाबता, उकळतं पाणी, छोटा गॅस, फुरफुर सुरू होताच नळाखाली. कडवटपणा निम्म्याने तरी गेला, आणि ती मधासारखी धार मी पहिल्यांदा बघितली. फक्त मधल्या जोडातून पाणी ठिबकतंय, ते कशाने?

सह्याद्री७१:
रबरी रिंगवर पुडीचे कण बसले असतील, कड बोटाने पुसून घ्या आणि मग आवळा. तरी गळलं तर रिंग बदला, सुटी मिळते, फक्त ३ कपांचीच मागा.