मदत हवी आहे: ओसीडीमुळे स्मरणशक्ती जाते का?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला मंत्रचळ, म्हणजे ओसीडी आहे. वाय-बॉक्स या ओसीडीची तीव्रता मोजणाऱ्या चाचणीत ४० पैकी २८ गुण आले, म्हणजे तीव्र. औषध सुरू होऊन दीड महिना झाला. गॅस आणि कुलूप तपासणं आधीपासूनच होतं, पण आता त्याने नवीन धास्ती घेतली आहे: "ताई, माझी स्मरणशक्ती गेली."

परवा निघताना गॅसचं बटण बंद केलं, बोटाने दाबून पाहिलं, मोबाइलवर फोटोही काढला. जिन्यात थांबून तो फोटो बघितला आणि मला विचारतो, "हा आजचाच ना गं?" वाचतानाही तेच, एक ओळ चार-चारदा, पान उलटतच नाही. आणि हाच मुलगा लहानपणच्या गोष्टी अगदी बारकाव्यांसकट सांगतो.

हा खरंच विसरतोय, की स्वतःवरचा भरवसा उडालाय? स्मृतीच्या चाचण्या करून घ्याव्यात का? आणि तो विचारेल तेव्हा "हो रे, बंद आहे" म्हणू की नको? नाही म्हटलं तर त्याचा चेहरा बघवत नाही.

प्रतिसाद:

ताई, मला स्वतःला ओसीडी आहे आणि मलाही हेच वाटायचं. २००३ साली व्हॅन डेन हाऊट आणि किंट या नेदरलँड्सच्या संशोधकांनी निरोगी लोकांना संगणकावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण चुकली नाही, पण धूसर झाली आणि तिच्यावरचा विश्वास ढासळला. म्हणजे तपासण्यानेच शंका वाढते. तो फोटोसुद्धा तपासणंच आहे.

चाचण्यांत ओसीडीवाल्यांचा वेग, आणि एका गोष्टीवरून दुसरीवर लक्ष वळवणं, सरासरीने थोडं कमी पडतं. पण बुद्धी जात नाही हो. चाचणी करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, मात्र तिच्यासाठी उपचार थांबवू नका. औषधाचा पुरता परिणाम दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात.

"हो रे, बंद आहे" हे एका दिवसात तोडू नका. त्याच्याशी आधी बोलून ठरवा, मग तेवढंच म्हणा: "घाबरलायस ते कळतंय मला, पण आपलं ठरलंय ना?" माझी बहीण असंच म्हणायची. पहिले काही दिवस मी तिच्यावर फार चिडलो.

ईआरपी, म्हणजे भीतीला सामोरं जाऊन न तपासण्याचा सराव, सुरू आहे का त्याचा? तुम्ही फक्त औषधाचं लिहिलंय.