मदत हवी आहे : लेकीच्या काखेत केस, घामाला वास

रेवतीची_आई
लेकीच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येतोय, काखेत आणि खाली केस आलेत. रक्तात डीएचईएएस नावाचं हार्मोन वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, "प्रीमॅच्युअर अॅड्रेनार्क आहे, म्हणजे ही हार्मोन्स वेळेआधी वाढलीत, सहा महिन्यांनी या." तोवर नुसतं बघत बसायचं? पाळी लवकर येईल का? गोळी नाही का काही? लवकर सांगा, झोप उडालीय.

निशिगंध
वय किती? छातीची वाढ सुरू झालीय का? मुलींत 8, मुलांत 9 वर्षांच्या आधी दिसलं तरच याला लवकर म्हणतात.

पाऊलवाट
प्लॅस्टिकचे डबे, बाटल्या आजच काढून टाका. आम्ही तेच केलं, फरक पडला.

निशिगंध
पाऊलवाट, हे हार्मोन मूत्रपिंडावरच्या अॅड्रेनल ग्रंथीतून येतं. डबे बदलून केस जात नाहीत. त्यांना भलतीकडे नेऊ नका.

पाऊलवाट
अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडून द्या.

श्रीधर_का
उंचीची काळजी करू नका. हाडांचं वय थोडं पुढे दिसलं तरी शेवटची उंची बहुतेकांची ठीक भरते.

रेवतीची_आई
उंचीचं नाही हो विचारलं! सात पूर्ण झालीत. छाती सपाट आहे. वजन जरा जास्त आहे, जन्मली तेव्हा मात्र फार बारीक होती.

निशिगंध
छाती सपाट आहे म्हणजे मेंदूकडून येणारं वयात येणं बहुधा सुरू झालेलं नाही. ते वेगळं प्रकरण. पाळी सहसा फारशी लवकर येत नाही, गोळीही लागत नाही. पण सकाळची 17-ओएचपी ही रक्ततपासणी झालीय का? सौम्य प्रकारचा सीएएच (अॅड्रेनल ग्रंथीचा जन्मजात आजार) असाच दिसतो, तो वगळायलाच हवा. वजनाकडे मात्र आत्तापासून बघा, अशा काही मुलींना पुढे इन्सुलिन रेझिस्टन्स (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) आणि पीसीओएसचा (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते, तो) त्रास होतो. आवाज घोगरा झाला, उंची झपाट्यानं वाढली, योनीलिंग (क्लिटोरिस) मोठं दिसलं, तर सहा महिने थांबू नका.

सदाफुली
घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावतं का? कातडीच्या स्पर्शातून मुलांच्या अंगात जातं ते.

रेवतीची_आई
जेल नाही. रिपोर्टात 17-ओएचपी कुठेच दिसत नाही, उद्याच फोन करते. वर्गात मुली तिच्या शेजारी बसत नाहीत हो. एवढ्या लहान वयात डिओ चालेल का?

सदाफुली
चालतो, सौम्य वासाचा घ्या. आणि ताई, तिला स्पष्ट सांगा की यात तिचं काहीच चुकलेलं नाही. वर्गशिक्षिकांशीही बोला.